अकराव्या वेशीवरचं पान

“आई, उत्तर सांगू नकोस हं. तिकडं लांब बस. मी अडले की हाक मारीन, तेव्हाच ये.”

ऋजुता हे सांगायची तेव्हा तिची पाठ माझ्याकडे असायची. डोळे पडद्यावर, एक पाय खुर्चीवर दुमडलेला, वेणीचं टोक तोंडात. मी “बरं, येईन” म्हणायचे आणि शाळेच्या त्या खोलीत मागच्या डाव्या भिंतीशी बसून वाती वळायचे. तिनं हाक कधी मारली नाही. शेवटून दुसऱ्या कोड्यावर वर्षभर अडखळत राहिली, तरी मारली नाही. मग श्रावणात तिला ताप आला आणि पाचव्या दिवशी दवाखान्यातून आम्ही नवरा-बायको दोघंच घरी परतलो. नऊ वर्षं पुरी व्हायला तिला बारा दिवस कमी होते.

त्याला तीन वर्षं झाली. ती अजून त्या अकराव्या वेशीपाशीच उभी आहे.

हे काही मी दुःखाच्या भरात लिहीत नाही. आमच्या बार्शीच्या मुलींच्या शाळेतच नव्हे, राज्यातल्या चार हजार शाळांत ती उभी आहे, दुसऱ्या नावानं आणि दुसऱ्या आवाजात. ते कसं, हे आधी सांगायला हवं.

खेळाचं नाव ‘बारा वेशी’. एक ओस पडलेलं गाव, त्याला बारा वेशी, आणि प्रत्येक वेशीवर एक कोडं. कुठे सावली मोजून बुरुजाची उंची काढायची, कुठे आरसे फिरवून उजेड देवळाच्या गाभाऱ्यात न्यायचा, कुठे तीन रांजणांतलं पाणी सारखं करायचं. चाचणीसाठी ऋजुताची शाळा निवडली तेव्हा मी पाटोळे बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, तोंडावर म्हणाले होते, “खेळून कुणी शहाणं झालंय का, बाई?”

त्या म्हणाल्या, “तुम्ही एकदा मागं बसून बघा तरी. मग बोला.”

म्हणून मी मागे बसू लागले.

खेळ करणाऱ्यांचं म्हणणं असं होतं, की उत्तर मिळाल्यानं मूल शिकत नाही, दुसऱ्याला समजावून सांगावं लागलं की शिकतं. पण सगळं येणाऱ्या यंत्राला कोण काय समजावणार? म्हणून त्यांना अडणारं यंत्र हवं होतं, आणि तेही खऱ्या मुलासारखं अडणारं. उगाच काहीही चुकणाऱ्याला मुलं दोन मिनिटांत कंटाळतात. चुकीमागे कारण आहे असं जाणवलं, की मात्र ती त्या कारणाच्या मागे लागतात.

त्यासाठी त्यांनी चाळीस मुलांचा खेळ चौदा महिने टिपून ठेवला. बोट कुठे थबकलं, कोणतं उत्तर अर्धवट लिहून पुसलं, नजर मागे कुठे वळली, वार कोणता, वेळ कोणती. त्यातून यंत्र एकेका मुलाच्या चुकांचे नियम शोधायचं. हे मूल पुढच्या कोड्यात कुठे चुकेल ते दहांपैकी नऊ वेळा आधीच सांगता आलं, की त्या नियमांच्या गाठोड्याला ते ‘ठसा’ म्हणायचे. ठशात चेहरा नसतो, आठवणी नसतात. मूल चुकतं कसं, तेवढंच असतं.

ऋजुता गेल्यावर दोन महिन्यांनी त्यांचं पत्र आलं. चाळिसांत तिचा ठसा सर्वांत चांगला निघाला होता. त्याला शिकवताना इतर मुलं सर्वांत जास्त शिकत होती. मी सही केली. त्या ठशाला त्यांनी सोनकी नाव दिलं, पिवळा फ्रॉक घातला, पुण्याच्या कुठल्याशा मुलीचा आवाज दिला. मुलांना कोडं सोडवायचं नसतं, सोनकीला सोडवायला शिकवायचं असतं. ती चुकते, मुलं सांगतात, ती “का?” विचारते. तीनदा “का?” विचारते. कारण पटलं तर ती चूक तिच्यातून जाते, नाही पटलं तर राहते.

पहिल्यांदा तिला बोलताना ऐकलं त्या दिवशी माझ्या हातातला कापूस खाली पडला. आवाज परका होता, पण बोलण्याआधी ती थांबली, ते थांबणं माझ्या घरातलं होतं.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. सकाळी पूजा, भगवंताच्या देवळात दर्शन, आणि तिथून शाळा. मूळ ठसा ज्या यंत्रात आहे ते शाळेच्या मागच्या खोलीत अजून आहे. त्याला जे शिकवलं जाईल ते खाली चार हजार शाळांतल्या सगळ्या सोनक्यांत उतरतं. त्यामुळे मुलांना तिथे हात लावू देत नाहीत. मला पाटोळे बाई किल्ली देतात. मी पडदा लावते. अकरावी वेस दिसते, तिच्यासमोर पाठमोरी सोनकी. मी खेळ सुरू करत नाही. भिंतीशी बसून अकरा वाती वळते, पडदा बंद करते आणि घरी येते. दुपारचं अन्न मी ती गेल्यापासून सोडलंय. फक्त एकादशीला शाळेत जात नसे. ती असताना जायचे, पण ती गेल्यापासून तो सगळा दिवस देवळात जायचा.

*

पितृपंधरवडा संपता संपता निगार शिकलगार आमच्याकडे आली. मूळची सांगलीची, तिशीची मुलगी, खेळ करणाऱ्या संस्थेत ठशांचं काम तिच्याकडे. बरोबर आमच्या शाळेतली प्रांजली होती, रस्ता दाखवायला.

निगार बराच वेळ पाण्याचा तांब्या हातात धरून बसली. “काकू, सोनकीची एक चूक जात नाही.”

“कोणती?”

“अकराव्या वेशीची. पंगतीचं कोडं.”

मला ते कोडं पाठ होतं. मांडवात माणसं बसलेली असतात. भात किती, माणसं किती, यावरून वाटे करायचे आणि तेवढीच पानं मांडायची. एकही पान माणसाविना राहिलं, की वेस उघडत नाही. पुढच्या कितीही पंगती बरोबर मांडल्या, तरी ते पान उचलेपर्यंत ती बंदच.

“काही दिवस ती बरोबर मांडते,” निगार म्हणाली, “आणि काही दिवस एक पान जास्त. मुलं समजावतात, ती हो म्हणते, पुढच्या खेपेला पुन्हा एक जास्त. म्हणते, थांब, एक राहिलं.”

“आमी त्याला जास्तीचा दिवस म्हणतो,” प्रांजली म्हणाली. “वर्गात आलं की पोरी इचारतात, आज जास्तीचा हाय का गं?”

निगार खाली बघत म्हणाली, “शिष्यवृत्तीच्या परीक्षेत वाट्यांचं गणित होतं. सात हजार मुलांनी एक माणूस जास्त धरला.”

प्रांजली पायाच्या अंगठ्यानं फरशी घासू लागली. तिचं मला ठाऊक होतं. चौथीत पहिली येणारी पोर, आई विड्या वळते. दोन गुणांनी निवासी शाळेतली जागा गेली होती. ते दोन गुण कुठे गेले, हे मला आता कळत होतं.

“तुला बरोबर उत्तर येत होतं ना गं?” मी विचारलं.

“येत हुतं की. पण सोनकी म्हणती एक राहिलं, तर कुणीतरी राहिलंच असंल की ओ, काकू. ती काय येडी न्हाई.”

तिच्या हातावर मी दोन लाडू ठेवले होते. तिनं एक खाल्ला. दुसरा न बोलता ताटलीत बाजूला सरकवून ठेवला. तो कुणासाठी, हे तिलाही सांगता आलं नसतं.

निगारनं मग मुद्द्याचं सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर खेळाची नवी आवृत्ती येणार होती. चुकीचं कारण सापडलं नाही, तर सोनकीचा ठसा पुसून दुसऱ्या मुलाचा घालायचा असं ठरलं होतं. त्यासाठी पालकांची सही लागते. तिनं कागद काढला, पण माझ्याकडे सरकवला नाही.

“आणि कारण सापडलं तर?”

“तर कुणीतरी तिला ते समजावायचं. मग ती अकरावी ओलांडेल, बारावीही. पण काकू, खरं सांगते, मग ती तशी अडणार नाही. बाकीच्यांसारखी होईल.”

म्हणजे दोन्हीकडून ती जाणार होती. एका वाटेनं पुसली जाणार, दुसऱ्या वाटेनं वेस ओलांडून जाणार.

मी म्हणाले, “कारण मला माहीत आहे. आमच्या घरी आधी देवाचं पान काढतात. नैवेद्य. ती देवाचं मोजत असणार.”

“मुलांनीही तेच सांगून बघितलं तिला. देवाचं मोजायचं नसतं म्हणून. नाही पटलं तिला. आणि नैवेद्य रोज असतो ना? ही चूक रोजची नाही.” तिनं दुसरा कागद दिला. त्यावर नुसत्या तारखा होत्या, ऋजुताच्या चौदा महिन्यांतल्या. “दर चौदा-पंधरा दिवसांनी येते. मध्ये एक महिना दर सोमवारी. यंत्राला लय सापडली, अर्थ सापडला नाही. आमच्यातला एकजण तर गमतीनं म्हणाला, पोरीवर चंद्राचा परिणाम होतोय.” निघताना ती घुटमळली. “आणखी एक आहे. जास्तीच्या दिवशी ती मागे वळून बघते. डावीकडे. तिथे खेळात काहीच नाहीय. मूळ नोंदीतही नजर पडद्याबाहेर गेलेली दिसते. आम्ही ते तसंच ठेवलं.”

डावीकडे. मागे. तिथे भिंत होती, आणि भिंतीशी मी.

*

मी जुनी पंचांगं टाकत नाही. त्या दुपारी तीन-चार वर्षांपूर्वीची दोन काढली आणि तारखा लावत बसले. पहिली तारीख एकादशीची. दुसरी एकादशीची. मग त्या वर्षीचे श्रावणी सोमवार. पुन्हा एकादशी. माझे उपास होते ते, एकेक. माझी एकादशी निर्जळी असते, साबुदाणाही नाही. पण पोरीला उपास नको म्हणून त्या दिवशी घरात दोघांपुरता स्वयंपाक व्हायचा.

वाटलं, उपासाचं वातावरण, देवाची आठवण, म्हणून त्या दिवशी ती देवाचं पान मोजत असेल. मनाला बरं वाटलं. पोर तेवढं तरी माझ्याकडून घेऊन गेली.

एक तारीख उरली. अठ्ठावीस जानेवारी. पंचांगात त्या दिवशी काही नव्हतं. ना एकादशी, ना सोमवार, ना सण. पुढे-मागे चाळलं. काही नाही. मग एकदम आठवलं, आणि मी पंचांग मिटलं.

त्या दिवशी सकाळी यांचं आणि माझं भांडण झालं होतं. माझ्या आईला लागेल असं हे काहीतरी बोलले होते आणि मी हट्टानं दिवसभर अन्नाला शिवले नव्हते. त्यात देव कुठेच नव्हता. फक्त मी उपाशी होते.

हे डाळमिलमध्ये मुकादम आहेत. संध्याकाळी आले, अंगावर तुरीचा भुसा. हात धुऊन बसले तेव्हा मी कागद पुढे केला.

“अहो, ऋजू पान कुणाचं काढायची?”

त्यांनी कागद पाहिला नाही. माझ्याकडे पाहिलं. “कुणी सांगितलं तुला?”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं.”

“हेमा, तुझा उपास असला की ती तिच्यातली अर्धी भाकरी आणि भाजी वाटीत काढायची. वर ताटली झाकायची. म्हणायची, बाबा, आईचं ठेवलंय, सांडू नका.” त्यांनी बाहीवरचा भुसा झटकला. “तू देवळातून यायच्या आत मी ते खाऊन टाकायचो. रिकामी वाटी बघून ती उड्या मारायची. आई जेवली, आई जेवली! काय सांगणार होतो तिला?”

“आणि मला?”

“तुला सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, माझ्या व्रतात विघ्न आणताय. आणि ती गेल्यावर… तुझे ते उपासच तुला उभं ठेवताहेत असं वाटलं मला.”

स्वयंपाकघरात जाऊन ती वाटी शोधली. मागच्या फळीवर होती, कडेला चेपलेली. घरात कुणी तिच्यात काही वाढून घेत नव्हतं, आणि का, हे मी तीन वर्षं विचारलं नव्हतं.

घरात रिकामी वाटी दिसायची म्हणून तिचं समाधान व्हायचं. खेळातलं पान मात्र कुणी खात नव्हतं. ते भरलेलंच राहायचं, आणि वेस बंद. ते सोडून पुढे जायला ती तयार नव्हती. म्हणून मागे वळून बघायची, मी येते का ते. हाक मारीन म्हणाली होती. मारली होती की. तोंडानं मारली नव्हती, एवढंच. मी वातींकडे बघत बसले होते.

*

दुसऱ्या दिवशी निगारला फोन केला. सगळं सांगितलं.

ती म्हणाली, “माझी अम्मी रोजा ठेवायची तेव्हा मी माझं बिस्कीट उशीखाली ठेवायचे, काकू. मुंग्या लागायच्या. मला कसं सुचलं नाही हे?”

“तिला आता कसं समजावायचं?”

“चूक समोर आली, तरच ती काढता येते. म्हणजे जास्तीच्या दिवशीच. तुम्ही मूळ यंत्राशी बसा, ती पान मांडेल, म्हणेल एक राहिलं. तुम्ही सांगा, ते पान आईचं आहे आणि आई जेवलेली आहे. ती का विचारेल, तुमच्या शब्दांत सांगा.” पंचांग माझ्याजवळच होतं. सुट्टीआधी एकच एकादशी उरली होती, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची.

“त्या दिवशी मला उपास असतो,” मी म्हणाले.

“यंत्राला खरं-खोटं कळत नाही, काकू. नुसतं म्हटलं तरी चालेल.”

“मला कळतं ना, बाई.”

ती मग हळूच म्हणाली, “मी सहीचा कागद अजून जमा केलेला नाही. तुम्ही म्हणाल तसं.”

फोन ठेवला आणि देवापुढे बसले. वयाच्या अकराव्या वर्षापासून एकादशी मोडलेली नाही. बाळंतपणात नाही, आई गेली त्या दिवशी नाही. आमच्या गावचा देव अंबरीष राजाचा. दारी आलेला पाहुणा जेवल्याशिवाय त्या राजानं अन्नाला हात लावला नाही, ही गोष्ट मी ऋजूला कितीदा सांगितली असेल. माझ्या दारातली पाहुणी, मी जेवल्याशिवाय आत यायला तयार नव्हती. हे मी देवाला सांगितलं.

भीती एका गोष्टीची होती. ती पान उचलेल, वेस उघडेल, आणि ती माझ्याकडे वळून न बघता निघून जाईल. रोज अकरा वाती वळायला मग मी कुठे बसू? तीन रात्री याच विचारात गेल्या. चौथ्या दिवशी शाळेच्या फाटकापाशी प्रांजली दिसली. डबा खात होती. झाकणात अर्धी चपाती वेगळी ठेवलेली. मैत्रीण चिडवत होती, “ए, भूत येणार हाय का गं तुझं जेवायला?” प्रांजली हसली नाही. म्हणाली, “येईल की.”

तेव्हा मी ठरवलं.

*

एकादशीला हे मिलमधून साडेदहालाच आले. मी स्वयंपाक केला होता. ज्वारीची भाकरी, दोडक्याची भाजी, शेंगांची लसूण घातलेली चटणी, तिला आवडायची ती. चटणी वगळून देवाला नैवेद्य दाखवला, क्षमा मागितली नाही, नुसता नमस्कार केला. मग पत्रावळी घेतल्या. मोजून दोन.

समोरासमोर बसलो. पहिला घास तोंडात घातला. पाणी घेतलं.

“मीठ कमी झालंय का?” यांनी विचारलं.

“नाही.”

“मग हळू खा. कुणी मागं लागलेलं नाही.” थोड्या वेळानं म्हणाले, “तीन वर्षांनी दुपारचं समोर बसलीस.”

मी भाकरी संपवली. भाजी संपवली. पानात काही उरू दिलं नाही, शितभरसुद्धा नाही. बाहेर कुणीतरी देवळाकडे निघालं होतं, टाळ वाजत होते. दर एकादशीला त्या आवाजाबरोबर मी उठते. आज बसून राहिले आणि शेवटी चटणीची बोटं चाटली.

हात धुतले. चेपलेली वाटी घासून, पुसून, कोरडी करून बाकीच्या वाट्यांत ठेवली. पदर सारखा केला. वातींची पिशवी खुंटीवर होती, ती घेतली नाही.

“येऊ का मी?” यांनी उंबऱ्यापाशी विचारलं.

“नको. तिनं मला बोलावलंय.”

चपला घातल्या. जिभेवर लसणाची चव होती. ती जायच्या आत पोचायचं होतं. देवळाकडे जाणाऱ्या बायकांच्या उलट दिशेनं, भिंतीच्या कडेकडेनं, मी शाळेच्या रस्त्याला लागले.